ढाणकीकरांनो, ज्येष्ठमधाची पुडी रोज घेत असाल तर आधी बीपी मोजून घ्या

ज्यांना बीपीची गोळी चालू आहे, ज्यांचा हृदयाचा किंवा किडनीचा इलाज सुरू आहे, ज्या बाया गरोदर आहेत आणि जे कोणी गेले पंधरा-वीस दिवस खोकल्यासाठी, ॲसिडिटीसाठी किंवा नुसतं अंगात ताकद यावी म्हणून रोज चमचाभर ज्येष्ठमधाचं चूर्ण पोटात घेत आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. ते चूर्ण आजच थांबवा. उद्या सकाळी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन बीपी मोजून घ्या. बीपीची गोळी मात्र थांबवू नका. पुढचं वाचायला सवड नसेल तर एवढंच घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा.

मी ढाणकीत मेडिकल चालवतो. हे आत्ताच लिहायला बसलो, कारण हा हंगामच तसा आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटे गारवा असतो, दुपारी ऊन चटका देतं, सोयाबीनच्या काढणीची धूळ उडते, कपाशीवर फवारे चालू असतात. निम्म्या गावाचा घसा धरलेला असतो. बिटरगावकडून, तांड्यांवरून, जंगलाच्या कडेच्या पोडांवरून माणसं बाजाराला येतात आणि जाताना दोन वस्तू एकाच पिशवीत टाकून नेतात : महिनाभराच्या बीपीच्या गोळ्या आणि ज्येष्ठमधाची पुडी. गोळ्यांसाठी चिठ्ठी लागते, पुडीसाठी काहीच लागत नाही. पुडी माझ्याकडे मिळते, किराण्यात मिळते, बाजारात जडीबुटीवाल्याच्या फडक्यावरही मिळते. मागणारा बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो, 'यावर संशोधन झालंय, सरकारनं तपासलंय, काही होत नाही.'

या वाक्यातला पहिला तुकडा खरा आहे. शेवटचा तुकडा खरा नाही, आणि माणसाला दवाखान्यात नेतो तो शेवटचाच तुकडा.

संशोधन झालंय म्हणजे नेमकं काय झालंय, ते सांगतो. ७ मे २०२० ला, कोरोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन आणि आयुषमंत्री श्रीपाद नाईक यांनी चार आयुर्वेदिक औषधांच्या रुग्णांवरील चाचण्या जाहीर केल्या. अश्वगंधा, यष्टीमधु म्हणजे आपलं ज्येष्ठमध, गुळवेल आणि पिंपळी एकत्र, आणि आयुष-६४ ही गोळी. आराखडा ज्या कृतिदलानं तयार केला त्याचे अध्यक्ष पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन होते. त्या दिवशी टीव्हीवर चारही नावं झळकली आणि लोकांच्या डोक्यात ती चारही नावं 'सरकारी औषध' म्हणून बसली. पण त्या दिवशी जाहीर झाली होती ती तपासणीची सुरुवात. पुढे २९ एप्रिल २०२१ ला सौम्य आणि मध्यम आजारासाठी शिफारस झाली ती आयुष-६४ ची. त्या गोळीत सप्तपर्ण, कुटकी, किराईत आणि सागरगोटा आहे, ज्येष्ठमध नाही. तरी त्या वर्षी आपल्याकडे घरोघरी उकळलेल्या काढ्यांत ज्येष्ठमध पडत होतं, आणि 'सरकारनं सांगितलंय' हे वाक्य त्यासोबत चिकटलं ते आजतागायत निघालेलं नाही.

ज्येष्ठमधाला मी कमी लेखत नाही. चरकसंहितेत घशाला हितकर अशा औषधांच्या गणात त्याचं नाव आहे. आपल्या आज्यांनी तान्ह्यांच्या गुटीत ते उगाळलं. आणि आजच्या कसोटीवरही ते काही बाबतींत उतरलंय. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेतल्या भूलतज्ज्ञांनी २००९ साली एक छोटी, नेटकी चाचणी प्रसिद्ध केली. ऑपरेशनच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालतात, त्यानं नंतर घसा दुखतो. भूल देण्याआधी काही रुग्णांना ज्येष्ठमधाच्या पाण्याच्या गुळण्या करायला दिल्या, काहींना साध्या पाण्याच्या. ज्येष्ठमधवाल्यांचा घसा कमी दुखला, खोकलाही कमी आला. चार वर्षांनी व्हिएन्नामध्ये त्याहून जाड नळीच्या, छातीच्या ऑपरेशनच्या २३६ रुग्णांवर हाच प्रयोग झाला आणि निकाल तसाच आला. आपल्या घरातलं एक मूळ युरोपच्या मोठ्या रुग्णालयात खरं ठरलं याचा मला अभिमान वाटतो.

पण त्या दोन्ही चाचण्यांत रुग्णांनी काय केलं ते बघा. गुळणी केली आणि थुंकली. एकदाच. मोजून घेतलेल्या प्रमाणात. रोज सकाळ-संध्याकाळ महिनोन् महिने गिळलं नाही. जामनगरला गुजरात आयुर्वेद विद्यापीठात तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या ७५ रुग्णांवर जी चाचणी झाली, तिथेही रेडिएशनमुळे तोंड सोलून निघतं त्यावर मुख्यतः मधात कालवलेलं ज्येष्ठमध लावलं आणि त्रास कमी झाला. तिथं कॅन्सरवरचा इलाज रेडिएशन आणि औषधं हाच होता. ज्येष्ठमध त्या इलाजाचा जाच सोसायला मदतीला होतं. अपचनावर २०१२ मध्ये ५० रुग्णांना महिनाभर अर्काच्या गोळ्या देऊन चाचणी झाली. तो अर्क वेगळा होता. त्यातला बीपी वाढवणारा भाग आधीच बराचसा काढून टाकलेला होता. आपल्या पुडीतल्या चूर्णातून तो कोणी काढलेला नसतो.

त्या भागाचं नाव ग्लिसिरायझिन. ज्येष्ठमध गोड लागतं ते याच्यामुळे, आणि हा पदार्थ साखरेच्या सुमारे पन्नासपट गोड आहे. पोटात गेल्यावर आतड्यातले जंतू त्याचं रूप बदलतात आणि ते रक्तात उतरतं. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचा संप्रेरक असतो, ताणाच्या वेळी तो वाढतो. किडनीमध्ये एक विकर त्या कॉर्टिसॉलला निष्प्रभ करत असतं, म्हणजे मीठ-पाण्याचं नियंत्रण ज्या संप्रेरकाच्या ताब्यात आहे त्याच्या जागी कॉर्टिसॉल जाऊन बसू नये. ज्येष्ठमध नेमकं त्या विकराला अडवतं. राखणदार हटला की कॉर्टिसॉल किडनीला हुकूम देऊ लागतो, मीठ धरून ठेव, पोटॅशियम बाहेर टाक. शरीरात मीठ आणि पाणी साचतं, पायावर सूज येते, बीपी चढतं. पोटॅशियम उतरलं की पायात गोळे येतात, हातापायातलं बळ जातं, छातीत धडधड होते आणि फार उतरलं तर हृदयाची लय बिघडते. त्यात जीवही जाऊ शकतो.

हे कळायला आधुनिक यंत्रं लागली नाहीत. १९४६ मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरानं पाहिलं की जठराच्या व्रणावर ज्येष्ठमधाचा घट्ट अर्क घेणाऱ्यांना बरं वाटतंय, पण साधारण पाचातल्या एकाच्या अंगावर सूज येतेय. गुण आणि धोका दोन्ही एकाच माणसानं, एकाच वेळी टिपले. पुढे ज्येष्ठमधापासूनच व्रणावर कार्बेनोक्सोलोन नावाचं औषध तयार झालं, ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं वापरलं गेलं, आणि सूज-बीपीच्या त्याच त्रासापायी नवी औषधं येताच मागे पडलं.

२०२४ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग विद्यापीठानं १८ ते ३० वयाच्या २८ धडधाकट तरुणांना दोन आठवडे रोज १०० मिलिग्रॅम ग्लिसिरायझिक आम्ल, म्हणजे तेच ग्लिसिरायझिन, असलेलं ज्येष्ठमध दिलं. त्यांचं वरचं बीपी सरासरी तीन अंकांनी वाढलं. तीन अंक म्हणजे फार नाही असं वाटेल. पण हे सगळे तरुण, निरोगी होते आणि त्यांना दिलेलं प्रमाण युरोपात वरची मर्यादा मानतात तेवढंच होतं. साठीतला, गोळी घेणारा, मिरचीच्या ठेच्यासोबत मीठ जास्त खाणारा आपला माणूस त्यांच्यात नव्हता. अशा चाचण्यांत बीपीचे, किडनीचे रुग्ण आणि गरोदर बाया सहसा घेतच नाहीत, त्यांना धोका होईल म्हणून. म्हणजे चाचणीत ज्यांना दाराबाहेर ठेवतात तीच माणसं इथे चाचणीच्या नावावर पुडी घेऊन जातात.

आता माझ्या काउंटरवरचा हिशेब करू. चांगल्या ज्येष्ठमधात निदान चार टक्के ग्लिसिरायझिन धरतात, कधी जास्तही निघतं. चहाचा एक सपाट चमचा चूर्ण म्हणजे अंदाजे तीन ग्रॅम. तीन ग्रॅमचे चार टक्के म्हणजे १२० मिलिग्रॅम. एका चमच्यातच शंभराची मर्यादा ओलांडली. आणि आपल्याकडे सपाट चमचा कोण घेतो? शीग लावून, दोन वेळा, वरून काढ्यात काडी वेगळी, खोकल्याच्या आयुर्वेदिक औषधात ते असतं ते वेगळं. वैद्य देतात तेव्हा ते नाडी बघतात, वय बघतात, दुधात की तुपात की मधात ते ठरवतात, किती दिवस ते सांगतात आणि परत बोलावतात. आपण त्यातलं फक्त चूर्ण उचललं, वैद्याला सोडून दिलं. ज्यांचा आयुर्वेदावर विश्वास आहे त्यांनी नांदेडच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावं, तिथे शिकलेले वैद्य बसतात. जाताना बीपीच्या गोळ्या दाखवाव्यात, लपवू नयेत.

गोळ्यांचं बोलायचं तर एक गोष्ट घरी बसून तपासता येईल. बीपीच्या गोळ्यांचं पान हातात घ्या. नावाच्या शेवटी 'एच' हे अक्षर असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध आहे. आपण त्याला पाण्याची गोळी म्हणतो. ते औषध स्वतःच पोटॅशियम बाहेर टाकतं. ज्येष्ठमधही तेच करतं. दोघं मिळून पोटॅशियम झपाट्यानं उतरवतात. सूज उतरायची फ्युरोसेमाइडची गोळी, हृदयासाठीची डिगॉक्सिन, दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी चालू असलेलं स्टेरॉइड, यांच्यासोबत तर चूर्ण घेऊच नये. डिगॉक्सिन घेणाऱ्याचं पोटॅशियम उतरलं की त्याच मापाची गोळी विषासारखी वागू लागते. हगवण लागली असेल, उलट्या होत असतील, उन्हात दिवसभर राबून अंगातलं पाणी गेलं असेल, तेव्हाही हे चूर्ण टाळा.

आणि हे समजून घ्या की बीपी वाढलेलं कळत नाही. डोकं दुखेलच असं नाही. म्हणून मोजा म्हणतोय. चूर्ण बंद केल्यावरही त्याचा परिणाम लगेच जात नाही, काही दिवस, कधी दोन आठवडे राहतो. आज मोजलं की दहा-बारा दिवसांनी परत मोजा. पायावर सूज असेल, पिंडऱ्यांत गोळे येत असतील, जिना चढताना मांड्या गळत असतील तर डॉक्टरांना रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगा आणि ज्येष्ठमध घेत होतो हे स्वतःहून सांगा. डॉक्टर सहसा ते विचारत नाहीत, आणि माणूस सांगत नाही, कारण त्याच्या मनात ते औषधच नसतं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातला ५४ वर्षांचा एक बांधकाम मजूर ज्येष्ठमधाच्या गोळ्या-चॉकलेटांची दीड पिशवी रोज खात होता, काही आठवडे. तो कोसळला तेव्हा त्याचं पोटॅशियम पार खाली गेलेलं होतं. तो वाचला नाही. २०२० मध्ये तिथल्या डॉक्टरांनी ती हकिगत वैद्यकीय नियतकालिकात छापली, ती इतर डॉक्टरांनी हा प्रश्न विचारायला शिकावं म्हणून.

गरोदर बायांसाठी वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे सुनेला 'बाळ गोरं व्हावं', 'गळा गोड व्हावा' म्हणून दुधातून ज्येष्ठमध देणाऱ्या सासवा मला माहीत आहेत. त्या प्रेमानंच देतात. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची मिठाई फार खातात. तिथल्या संशोधकांनी गरोदरपणी ती भरपूर खाल्लेल्या बायांच्या मुलांची पुढे बारा-तेराव्या वर्षी तपासणी केली. ज्या आयांनी आठवड्याला ५०० मिलिग्रॅमहून जास्त ग्लिसिरायझिन खाल्लं होतं त्यांच्या मुलांचा बुद्ध्यंक, कमी खाणाऱ्यांच्या मुलांपेक्षा सरासरी सात अंकांनी कमी निघाला. मुलांचं वर्तन, लक्ष यातही फरक दिसला. निव्वळ निरीक्षणावरचा अभ्यास आहे, त्यातून सगळं सिद्ध होत नाही, हे खरं. पण फिनलंडच्या आरोग्य संस्थेनं ज्येष्ठमध गरोदर बायांनी टाळायच्या यादीत टाकलं. आठवड्याचे ५०० मिलिग्रॅम म्हणजे आपल्या चूर्णाचे साडेबारा ग्रॅम, चार-सव्वाचार सपाट चमचे. दुधातून रोज एक चमचा दिला तर चार-पाच दिवसांत ही मर्यादा संपते. माय हो, नऊ महिने हे देऊ नका. खोकला असेल तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, आणि आशाताईला घेऊन दवाखाना.

आता फवारणीचं. हे लिहिताना माझा हात जड होतो. २०१७ चा पावसाळा आणि दसऱ्याच्या आधीचे ते आठवडे आपल्या जिल्ह्यातला कोणी शेतकरी विसरला नसेल. कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, यवतमाळच्या शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात खाटा पुरल्या नाहीत. काहींची नजर काही काळ गेली. त्या वर्षी कपाशी उंच वाढली होती, फवारा डोक्याच्या वर मारावा लागत होता, दोन-तीन औषधं एकत्र करून मारली गेली होती. आजही फवारून आलेला गडी संध्याकाळी म्हणतो, घसा जळतो, कफ येतो, मळमळतं. आणि घरातलं कोणीतरी ज्येष्ठमधाची काडी त्याच्या तोंडात देतं.

ती काडी देऊ नका. घसा जळणं, तोंडाला पाणी सुटणं, डोळ्यांतून पाणी, अंधुक दिसणं, घाम, पोटात मुरडा, अंग थरथरणं, ही विषबाधेची लक्षणं आहेत. त्यात एक-दोन तास काढ्यात आणि काडीत घालवले तर तेच तास जीवावर येतात. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, डोळे भरपूर पाण्यानं धुवा, आणि १०८ लावा. फवारलेल्या औषधाचा डबा किंवा त्याच्यावरचं लेबल सोबत न्या, त्यावरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. आरोग्य केंद्रात पहिली सोय होईल, तिथून उमरखेड, आणि पुढे लागलं तर यवतमाळपेक्षा आपल्याला नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं. वाद घालत थांबू नका.

खर्ऱ्याच्या तोंडाचीही तीच गत. खर्रा खाऊन तोंडाची आग होते, तिखट सोसत नाही, गाल आतून पांढरे पडतात, मग माणूस ज्येष्ठमध चघळतो आणि आग थोडी निवते. निवते म्हणूनच घात होतो, कारण आतला आजार चालूच राहतो. आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का ते आरशात बघा. जात नसतील तर तोंड आक्रसायला लागलंय. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला छाला, पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, यातलं काहीही असेल तर दाताच्या डॉक्टराला दाखवा आणि तुकडा तपासून घ्या. नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात इलाज होतो, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. लवकर गेलेला माणूस पुष्कळदा बरा होऊन येतो. जामनगरच्या चाचणीतल्या रुग्णांनीही ज्येष्ठमध रेडिएशन चुकवण्यासाठी घेतलं नव्हतं.

ज्या पुडीत ज्येष्ठमध आहे असं आपण समजतो त्यात ते असेलच असंही नाही. ज्येष्ठमधाचं झाड आपल्या रानात उगवत नाही. बाजारातला बराचसा माल अफगाणिस्तान, इराण आणि त्यापलीकडच्या थंड-कोरड्या मुलखातून येतो. आपल्या पैनगंगेच्या जंगलात, बांधाबांधानं जी वेल चढते ती गुंज. तिचा पाला गोड लागतो, पानवाले तो विड्यात घालतात, आणि तिची मुळी ज्येष्ठमध म्हणून विकली जाण्याचा प्रकार देशभर जुना आहे. गुंजेच्या लाल-काळ्या बीमध्ये ॲब्रिन हे जहाल विष असतं. फोडलेली, चावलेली एखादी बीही लेकराच्या जीवावर बेतू शकते. म्हणून रानातून कोणी 'देशी ज्येष्ठमध' खणून आणलं तर घेऊ नका. घ्यायचंच तर अख्खी काडी घ्या, चूर्ण नाही. खऱ्या काडीची साल तपकिरी असते, आतून पिवळी आणि तंतूतंतूची निघते. दळून पूड झाली की कोणाच्याच डोळ्याला ओळखू येत नाही, माझ्याही नाही.

यापुढे कोणी गावात येऊन 'ज्येष्ठमधावर अभ्यास चालू आहे, नाव नोंदवा' म्हणालं तर घाबरून हाकलू नका. खरा अभ्यास व्हायला हवा, आणि तो खेड्यातल्या माणसांवरही व्हायला हवा, नाहीतर शहरातल्या तरुणांची मापं आपल्या म्हाताऱ्यांना लागू होत राहतील. पण कागद मागा. भारतात रुग्णांवरच्या चाचण्यांची नोंद करणारी केंद्रीय नोंदवही २००७ पासून आहे आणि १५ जून २००९ पासून तिथे नोंद सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक 'सीटीआरआय' या अक्षरांनी सुरू होतो. तो नसेल तर पुढे बोलू नका. संमतीपत्र मराठीत असलं पाहिजे, वाचता येत नसेल तर तुमच्या विश्वासाच्या माणसासमोर वाचून दाखवलं पाहिजे, सहीची एक प्रत तुमच्या हातात राहिली पाहिजे. चाचणीच्या औषधाचे पैसे तुमच्याकडून कोणी घेत असेल तर तिथेच थांबा. चाचणीमुळे इजा झाली तर तिचा इलाज फुकट व्हायला हवा, आणि मधूनच बाहेर पडायचा हक्क तुमचा आहे, कारण सांगावं लागत नाही. तुमचं बीपी, तुमच्या गोळ्या, तुमची किडनी यांची विचारपूस न करता जो नाव लिहून घेतो तो अभ्यास करायला आलेला नाही.

किराणा दुकानदार भावांना माझी विनंती आहे. तुमच्यात आणि माझ्यात स्पर्धा नाही. ज्येष्ठमधाच्या चूर्णाच्या पुडीवर पेनानं दोन ओळी लिहा, 'बीपी, हृदय, किडनी, गरोदर : विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये.' गुळण्यांसाठी मागणाऱ्याला थोडी काडी द्या, पाव किलो चूर्ण देऊ नका. माझ्या दुकानात मी हे सुरू केलंय, गिऱ्हाईक कमी झालं नाही, उलट माणसं थांबून विचारू लागली. आशाताई घरोघरी बीपी-शुगरची विचारपूस करायला जातात, त्यांनी त्यात एक प्रश्न वाढवावा : ज्येष्ठमध, काढा, खोकल्याचं देशी औषध रोज घेता का? नगरपंचायतीनं बाजाराच्या दिवशी भोंग्यावरून एवढंच जाहीर करावं. शाळेतल्या गुरुजींनी आणि बाईंनी मुलांना गुंजेची बी ओळखायला शिकवावी.

ज्यांना बीपी नाही, हृदय-किडनीचा त्रास नाही, ज्या गरोदर नाहीत, त्यांचा घसा बसला तर थोडी काडी पाण्यात उकळून कोमट गुळण्या करा आणि थुंकून टाका. दोन-चार दिवस. त्यात भीती नाही, आणि घशासाठी चाचण्यांत खरा उतरलेला उपयोग तोच आहे. दोन आठवड्यांहून जुना खोकला असेल, कफात रक्त असेल, संध्याकाळी ताप येत असेल, वजन घटत असेल तर टीबीसाठी बेडका तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ती तपासणी फुकट आहे. ज्येष्ठमधानं टीबीचा खोकला काही दिवस दबतो, तेवढ्यात घरातल्या लेकरांना लागण होते.

आरोग्याचा सल्ला हवा असेल तर १०४ वर फोन करा, गाडी हवी असेल तर १०८. औषधानं, मग ते आयुर्वेदिक असो की इंग्रजी, त्रास झाला असं वाटत असेल तर १८००-१८०-३०२४ या सरकारी क्रमांकावर ते नोंदवता येतं, फोन फुकट आहे. तुमची नोंद झाली तर पुढे कुठल्या चूर्णावर काय छापायचं ते ठरवायला तीच कामी येते.

येत्या आठवड्यात बाजाराला याल तेव्हा घरात उरलेली ज्येष्ठमधाची पुडी, चालू गोळ्यांची सगळी पानं आणि खोकल्याच्या औषधाची बाटली एका पिशवीत घालून आरोग्य केंद्रात न्या आणि डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. तिथे गर्दी असेल तर माझ्याकडे या. बीपी मोजायचं मशीन काउंटरवर ठेवलेलं आहे, सकाळी नऊपासून रात्री दुकान बंद होईपर्यंत. मोजायचे पैसे नाहीत, काही विकत घ्यायलाही लागत नाही.